पुढारी व त्याची चूक

खेडेगांवांत एक समजूत फार जुनी आहे. ती अशी कीं, ज्याच्या हातीं चार माणसांचा कारभार आहे त्यानें आपली चूक कधीं उघड कबूल करूं नये. केली कीं त्याचा वचक गेला. पाटील असो, शाळामास्तर असो, पंच असो किंवा मंडळीचा उपदेशक असो, चूक झाली तर ती झांकावी, झांकतां न आली तर दुसऱ्यावर लोटावी, आणि अगदींच निरुपाय झाला तर पावसाला किंवा नशिबाला बोल लावावा, ही रीत आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेली आहे. ही समजूत केवळ अज्ञानाची आहे असें म्हणून ती उडवून देतां येत नाहीं. तिच्या मागें एक खरें भय आहे. लोकांचा विश्वास ही मोठी नाजूक वस्तु आहे. ती एकदां फुटली म्हणजे मडक्याप्रमाणें पुन्हां सांधत नाहीं. तेव्हां पुढाऱ्यानें आपल्याच हातानें त्या मडक्यावर घाव कां घालावा?

या प्रश्नाचा विचार आज एका सेनापतीच्या चरित्रावरून करूं. सेनापतीचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, मास्तराची चूक झाली तर मुलाचें वर्ष बुडतें, पंचाची चूक झाली तर कोणाचें तरी शेत जातें. पण सेनापतीची चूक झाली म्हणजे माणसें मरतात. चूक झांकण्याचा मोह त्याच्याइतका दुसऱ्या कोणास होणार?

हा सेनापति म्हणजे फील्ड मार्शल विल्यम स्लिम. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशांत लढलेल्या चौदाव्या सैन्याचे ते अधिपति होते, व त्या सैन्यांत हिंदी शिपायांचाच भरणा मोठा होता. त्यांचा जन्म १८९१ सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल शहराजवळ झाला. बापाचा लोखंडी सामानाचा धंदा बुडाला, त्यामुळें मुलाला विद्यापीठांत शिकतां आलें नाहीं. बर्मिंगहॅम शहरांतील गरीब वस्तीच्या एका प्राथमिक शाळेंत त्यांनीं मास्तरकी केली, व पुढें लोखंडी नळ्या करणाऱ्या एका कंपनींत कारकुनी केली. आमच्या वाचकांत मास्तर पुष्कळ आहेत. त्यांना हें वाचून थोडें बरें वाटेल. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें आणि हा कारकून सैन्यांत शिरला. १९१५ मध्यें गॅलिपोली येथें तो जबर जखमी झाला, पुढें मेसापोटेमियांत पुन्हां जखमी झाला, आणि युद्धानंतर हिंदी सैन्याच्या गुरखा पलटणींत दाखल झाला. पगार पुरेना म्हणून स्लिम टोपण नांवानें मासिकांत गोष्टी लिहून चार पैसे मिळवीत असत.

त्यांची पहिली मोठी चूक नोव्हेंबर १९४० मधील. सुदान व हबसाण यांच्या सरहद्दीवर गॅलाबात म्हणून एक किल्ला आहे. तो इटलीच्या सैन्यापासून घेण्याचें काम स्लिम यांच्या ब्रिगेडकडे होतें. किल्ला हातीं आला. पण पलीकडील मेतेम्मा हें ठाणें घेतां आलें नाहीं. रणगाडे खडकांत व सुरुंगांत मोडले, विमानांतून बाँब पडूं लागले, आणि एका पलटणींतील कांहीं शिपाई घाबरून मागें पळाले. पुन्हां हल्ला करावा असें स्लिम यांच्या मनांत होतें. पण सोबतचे अधिकारी नको म्हणाले, व स्लिम यांनीं माघार घेतली. मागाहून कळलें कीं, मेतेम्मा येथील शत्रु त्याच वेळीं टेकीला आला होता. आणखी एक धक्का दिला असता तर ठाणें पडलें असतें.

आतां पाहा, दोष लोटावयास जागा किती होती! रणगाडे मोडले होते. विमानें शत्रूचीं अधिक होतीं. पलटण पळाली होती. सल्ला देणारे दुसरेच होते. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. तरीहि पुढें आपल्या आठवणी लिहितांना स्लिम यांनीं या अपयशाचें कारण म्हणून स्वतःकडेच बोट दाखविलें. परिस्थिति कशी होती तें त्यांनीं सांगितलें, पण तिच्या आड ते उभे राहिले नाहींत. आपल्या भीतीचें आपण ऐकलें, असा त्यांचा स्वतःविषयींचा निर्णय होता. खरीं कारणें सांगून खोटा बचाव करतां येतो, ही गोष्ट आपण नीट ध्यानांत घेत नाहीं. मंडळीचा हिशेब चुकला म्हणजे आपण पेटीला दोन कुलपें नव्हतीं, वही भिजली, खजिनदार आजारी होता असें सांगतों. तें सर्व खरें असतें, आणि तरीहि आपण खोटें बोलत असतों.

मार्च १९४२ मध्यें स्लिम यांस ब्रह्मदेशांत पाठविलें. रंगून शहर ८ मार्चला जपान्यांच्या हातीं गेलें. त्यानंतर राहिलें तें मागें हटणें. सुमारें नऊशें मैलांची ती माघार, ब्रिटिश सैन्याच्या इतिहासांतील सर्वांत लांब माघार, मे महिन्यांत पावसाच्या तोंडावर इंफाळ येथें संपली. माणसें हाडांचे सांपळे झालीं होतीं, कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. तरी पुष्कळ तुकड्या हत्यारें घेऊन रांगेनेंच आंत आल्या. आणि यापुढें जें घडलें तें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आपण कां हरलों, हा प्रश्न या सेनापतीनें सोडला नाहीं. जपानी शिपाई राक्षस आहे, जंगल त्याचेंच आहे, अशा कल्पनांनीं हरलेल्या सैन्याची समजूत घालतां आली असती. तसें न करतां, शत्रूनें काय केलें व आपण काय केलें नाहीं याचा त्यांनीं कसून शोध घेतला. आणि आपण स्वतः पुढाकार शत्रूच्या हातीं जाऊं दिला, असा शेरा स्वतःवर मारला.

मग सुधारणा सुरू झाली, आणि ती तोफांपासून नव्हे तर तापापासून. १९४३ मध्यें जखमी होऊन मागें पाठवावा लागलेल्या दर एका शिपायामागें एकशेंवीस शिपाई आजारी होऊन मागें जात होते, आणि त्यांत हिंवतापाचा वांटा फार मोठा होता. मेपाक्रीन नांवाची एक पिवळी गोळी त्यावर होती. पण ती कडू, तिनें अंग पिवळें पडे, आणि तिच्यानें पुरुषत्व जातें अशी कंडी पिकली होती. (टोंचणी व गोळी यांविषयीं अशा कंड्या कशा पिकतात हें खेड्यांत राहणाऱ्यांस सांगावयास नको.) स्लिम यांनीं शिपायांना शिक्षा केली नाहीं. अचानक तपासणी करावी, आणि ज्या पलटणींत शंभरांपैकीं पंचाण्णवांनीं गोळी घेतलेली दिसणार नाहीं तिच्या मुख्य अधिकाऱ्यास काढून टाकावें, असा त्यांनीं नियम केला. तीन अधिकारी गेले; चौथ्याची गरज पडली नाहीं. १९४५ पर्यंत आजाऱ्यांचें प्रमाण रोज हजारीं एकावर आलें. कोणी म्हणेल, गोळी न घेणारा शिपाई, आणि शिक्षा मात्र अधिकाऱ्यास, हा कोठला न्याय? पण विचार केला तर यांत तेंच तत्त्व आहे जें स्लिम यांनीं गॅलाबातनंतर स्वतःस लावलें. हाताखालच्याची चूक ही वरच्याच्या खात्यावर मांडावयाची.

दुसरी गोष्ट शिध्याची. पुढील तुकड्यांस अर्धा शिधा मिळत असला कीं स्लिम आपल्या कचेरींतील सर्वांस, स्वतःसुद्धां, अर्ध्या शिध्यावर ठेवीत. ही दया दाखविण्यासाठीं केलेली गोष्ट नव्हती. ज्या कारकुनाच्या पोटांत स्वतःची भूक आहे तो पुढच्याचीं पोतीं लवकर पाठवितो, इतका साधा हिशेब त्यांत होता. परंतु याचा दुसराहि एक परिणाम झाला असावा असें मला वाटतें. जो आपल्याबरोबर उपाशी राहतो त्याच्या तोंडची कबुली निराळी ऐकूं येते. लोकांचें कांहींहि न सोसणाऱ्यानें चूक कबूल केली तर ते म्हणतात, बोलण्यास याचें काय जातें! आरंभीं मडक्याची उपमा दिली. पण विश्वासाचें मडकें बहुधा कबुलीनें फुटत नाहीं. तें आधींच तडकलेलें असतें, व कबुलीनें तड दिसूं लागते.

आतां एक आक्षेप उरतो, व तो हलका नाहीं. स्लिम यांचा ब्रह्मदेशांतील युद्धावरचा ग्रंथ १९५६ सालीं निघाला. तोंपर्यंत विजय मिळाला होता, मोठे किताब मिळाले होते. जिंकलेल्याला आपल्या चुका सांगणें सोपें असतें. किंबहुना त्यानें त्याची थोरवीच वाढते. हें खरें आहे. म्हणून १९४४ मध्यें, लढाई चालू असतांना, त्यांनीं काय केलें तें पाहिलें पाहिजे. त्या वर्षीं मार्चमध्यें जपानी सैन्य इंफाळ व कोहिमा यांवर चालून आलें. कोहिमाकडे शत्रूची फार तर एक रेजिमेंट येईल असा स्लिम यांचा अदमास होता. आली ती सबंध डिव्हिजन. इंफाळच्या पुढील डिव्हिजनला मागें घेण्याचा हुकूमहि उशिरां गेला. या चुका ध्यानांत येतांच, आपला पहिला बेत बरोबरच होता असें दाखविण्यांत त्यांनीं वेळ घालविला नाहीं. आराकानांतून एक डिव्हिजन विमानांनीं आणवून चूक भरून काढण्यास ते लागले. लढाई चालू असतांना कबुली द्यावयाची ती अशी, कृतीनें. त्या दिवसांत त्यांच्या मनांत काळजीचा डोंगर होता, पण शिपायांपुढें त्यांचा चेहरा शांत असे. यांत लबाडी आहे काय? मला तसें वाटत नाहीं. भर पुरांत नावाड्यानें आपली धास्ती उतारूंना सांगत बसूं नये. पण नाव खडकाकडे चालली हें कळूनहि, आपला मान राहावा म्हणून, त्यानें वल्हें फिरवूं नये असें मात्र नाहीं. धास्ती झांकणें आणि दोष झांकणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीनें लोक वांचतात, दुसरीनें पुढाऱ्याची अब्रू वांचते.

मे १९४५ मध्यें, रंगून परत मिळाल्यावर थोड्याच दिवसांत, वरिष्ठ सेनापति लीझ यांनीं स्लिम यांना चौदाव्या सैन्यावरून काढण्याचा घाट घातला. ज्यानें सैन्य उभें केलें त्यालाच दूर सारणें पाहून त्यांचे अधिकारी खवळले. स्लिम यांनीं त्यांना आवरलें, व स्वतः तक्रारीचा शब्द काढला नाहीं. हा बेत लंडनमध्यें फिरवला गेला. पुढें लीझ हेच गेले व त्यांच्या जागीं स्लिम आले. स्वतःचे दोष उघड सांगणारा हा मनुष्य स्वतःवर झालेल्या अन्यायाविषयीं मुका राहिला. आपल्याकडे बहुधा याच्या उलट असतें.

मात्र अशा मौनाची सरसकट स्तुति करतां येणार नाहीं. स्वतःवरचा अन्याय गिळणें निराळें, आणि दुर्बळांवरचा अन्याय गिळणें निराळें. हें म्हणण्यास याच चरित्रांत एक दुःखद कारण आहे. स्लिम १९५३ पासून १९६० पर्यंत ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. त्या काळीं मोलाँग येथील एका आश्रमशाळेंत ब्रिटनहून आणलेलीं मुलें राहत. त्यांच्यापैकीं कांहींनीं, वृद्धपणीं, असा गंभीर आरोप केला कीं, शाळेच्या भेटींत स्लिम यांनीं आपल्याशीं अनुचित वर्तन केलें. स्लिम १९७० सालीं वारले होते; त्यांना उत्तर देतां आलें नाहीं, व न्यायालयांत निवाडा झाला नाहीं. २०१९ मध्यें कॅनबेरा शहरांतील त्यांच्या नांवाच्या रस्त्याचें नांव बदलण्याचें ठरलें. आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण तो झाकून चरित्र सांगणें म्हणजे, ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला तिलाच हरताळ फांसणें होय. लढाईंतील चूक कबूल करणाऱ्याच्या आयुष्यांत कबूल न केलेलें दुसरें कांहीं असूं शकतें. माणसाची पूजा न करतां त्याच्या कृत्यापासून शिकावें, एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि लेंकरांचें गाऱ्हाणें ऐकतांना मोठ्या नांवाकडे पाहूं नये, हेंहि.

शेवटीं पुन्हां कोहिमाकडे येऊं. स्लिम यांचा अदमास चुकला तेव्हां ती चूक कोणीं भरली? मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत सांगशक गांवच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडनें शत्रूला चार-पांच दिवस अडवून धरलें, म्हणून कोहिमाला थोडा अवधि मिळाला. पिण्यास पुरेसें पाणी नसतां लढलेल्या त्या लोकांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीचे जवान होते. एप्रिलमध्यें कोहिमाच्या टेकडीवर मूठभर शिबंदीनें सुमारें पंधरा दिवस वेढा सोसला. आज तेथील स्मशानभूमींत चौदाशेंहून अधिक कबरी आहेत, आणि ज्यांचें दहन झालें अशा ९१७ हिंदु व शीख शिपायांचें स्मारक आहे. या युद्धांत पडलेल्यांचे आईबाप नेपाळच्या डोंगरांत, पंजाबांत, सातारा-रत्नागिरीकडील खेड्यांत होते. सेनापतीनें आपली चूक १९५६ सालीं इंग्रजींत छापली. त्या घरांत इंग्रजी वाचणारें बहुधा कोणी नव्हतें. त्यांना सरकारी तार आली होती, पुढें पेन्शनचा कागद आला. ती कबुली त्यांना कोणीं वाचून दाखविली असेल?