दुसरी पंगत

लग्नघरी पहिल्या पंगतीला बसणाऱ्याच्या आणि दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात सहसा काही फरक नसतो. तोच वरणभात, तीच अळूची भाजी, तीच जिलबी. यजमान दिलदार असेल तर दुसऱ्या पंगतीतही तितकाच आग्रह होतो. तरीसुद्धा पहिली पाने मांडली जात असताना ज्याला "तुम्ही जरा मागाहून बसा" असे सांगितले जाते त्याला, आणि सांगणाऱ्यालाही, मनातून पक्के ठाऊक असते की काहीतरी फरक आहे. तो अन्नाचा नाही, मग कशाचा? हा प्रश्न मला अलीकडे एका निराळ्याच संदर्भात पडू लागला आहे. तो संदर्भ टेलिव्हिजनचा आहे, आणि त्यातही तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या एका कार्यक्रमाचा.

अमेरिकेत १९६६ साली जोन गँझ कूनी ह्या टेलिव्हिजनवर काम करणाऱ्या बाईंच्या घरी एका रात्री काही मंडळी जेवायला आली होती. त्यांत लॉइड मॉरिसेट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. आपली तीन वर्षांची मुलगी भल्या पहाटे उठते आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी पडद्यावर जी नुसती चाचणीची आकृती दिसते तीच टक लावून पाहत बसते, असे ते सांगत होते. ह्या पेटीपुढे मुले जर इतकी खिळून राहतात, तर तिच्याकडून त्यांना काही शिकवता येईल काय, असा विषय त्यातून निघाला. हा प्रश्न करमणुकीचा नव्हता. गरिबांची मुले शाळेच्या पहिल्या दिवशीच मागे पडलेली असत. घरात पुस्तक नाही आणि बालवाडीला पैसे नाहीत. टेलिव्हिजन मात्र गरिबाच्या घरातही पोचला होता. कार्नेगी आणि फोर्ड ह्या धर्मादाय संस्थांनी व अमेरिकन सरकारने मिळून सुमारे ८० लाख डॉलर दिले आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाला. शहरातली एक साधी गल्ली, दारापुढच्या पायऱ्यांवर गप्पा मारणारी माणसे आणि जिम हेन्सन ह्यांच्या बाहुल्या; एवढ्या संगतीत मुले अक्षरे नि आकडे शिकू लागली. आपल्याकडे २००६ साली त्याचाच हिंदी अवतार 'गली गली सिम सिम' आला. त्यातली शाळेच्या गणवेशातली चमकी मराठी घरांतल्या पुष्कळ मुलांना अजून आठवत असेल.

ह्या कार्यक्रमाचे मर्म मला बाहुल्यांपेक्षा त्याच्या वेळेत दिसते. सार्वजनिक वाहिनीवर तो लागे तेव्हा पेढीवाल्याच्या मुलालाही तोच, आणि त्या पेढीची फरशी पुसणाऱ्याच्या मुलालाही तोच, आणि त्याच दिवशी. १९७० साली मिसिसिपी राज्यातील शैक्षणिक टेलिव्हिजनच्या मंडळाने हा कार्यक्रम दाखवायचा नाही असे ठरवले होते. काळी आणि गोरी माणसे त्यात एकाच गल्लीत गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात, हे त्याचे कारण. गवगवा झाला आणि महिन्याच्या आत मंडळाला निर्णय फिरवावा लागला. पंगत म्हणजे काय, हे त्या मंडळातील गृहस्थांना फार चांगले कळले होते, असे मी म्हणेन. एका ओळीत बसणे ही किरकोळ गोष्ट असती, तर त्यांनी तिला हरकत घेतलीच नसती.

पुढे प्रेक्षक बदलला. ठरल्या वेळी पेटीपुढे येण्याऐवजी मुले आईच्या फोनवर हवे ते हवे तेव्हा पाहू लागली. ह्या कार्यक्रमाचा प्रपंच बराचसा खेळणी आणि डी.व्ही.डी. ह्यांच्या उत्पन्नावर चाले. स्ट्रीमिंग आल्यावर डी.व्ही.डी. विकत कोण घेणार? संस्थेला तोटा येऊ लागला. दुखणे तिचे एकटीचेच नव्हते. डिस्नेने २०१९ साली आणि एन.बी.सी.ने २०२० साली आपापली स्ट्रीमिंग सेवा काढली, ती हौसेने नव्हे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील टेलिव्हिजनच्या पडद्यावर जेवढा वेळ काही पाहिले गेले, त्यातला ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगचा होता आणि जुने प्रक्षेपण व केबल मिळून ४४.२ टक्के, अशी नील्सन ह्या मोजदाद करणाऱ्या कंपनीची नोंद आहे. श्रोते उठून गेल्यावर कीर्तनकाराने रिकाम्या मंडपात किती वेळ उभे राहावे? ते गेले तिकडे त्यानेही जावे, ह्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच उरतो, की मंडपात जे मागे राहिले त्यांचे काय करायचे.

'सेसमी स्ट्रीट'पुरते ह्याचे उत्तर २०१५ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. एच.बी.ओ. ही वर्गणी घेणारी वाहिनी. तिला आपल्या नव्या स्ट्रीमिंग सेवेसाठी मुलांचे कार्यक्रम हवे होते. करार असा झाला की नवे भाग आधी एच.बी.ओ.वर दाखवावेत, आणि नऊ महिन्यांनी तेच भाग सार्वजनिक वाहिनीला, म्हणजे पी.बी.एस.ला, फुकट मिळावेत. २०१६ च्या जानेवारीपासून त्याप्रमाणे सुरू झाले. ज्या कार्यक्रमाचा जन्मच गरिबाच्या मुलासाठी झाला होता, त्याच्या पंगतीला ते मूल आता मागाहून बसू लागले.

कराराच्या बाजूने जे बोलले गेले ते पोकळ नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी वर्षाला १८ भाग निघत. आता ३५ निघू लागले. म्हणजे गरिबाच्या पानात उलट अधिक पडले, फक्त उशिरा. शिवाय 'क' हे अक्षर नऊ महिन्यांत शिळे होत नाही. चार वर्षांच्या मुलाला कोणता भाग नवा आणि कोणता जुना हेही कळत नाही. तेच गाणे ते शंभर वेळा ऐकते आणि शंभर वेळा हसते. ज्याला दुःखच झाले नाही त्याच्यावर अन्याय झाला असे कसे म्हणावे? आणि करार झाला नसता तर कदाचित कार्यक्रमच बंद पडला असता. मग पहिली पंगत नाही, दुसरीही नाही.

ह्या युक्तिवादात मला खोट सापडत नाही. पण तो मी पूर्वी कोठे तरी ऐकला आहे. आपल्या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या मागून जेवल्या. त्यांनाही हेच सांगितले जात असे, की अन्न तेच आहे, कोणी उपाशी तर राहत नाही! आणि त्यांतल्या कितीतरी जणींना खरोखरच त्याचे दुःख वाटत नव्हते. म्हणून ती रीत निर्दोष ठरते काय? गावजेवणात सर्वांत शेवटी आणि सर्वांत दूर कोणाची पाने मांडली जात, हेही आपल्याला ठाऊक आहे. उशिरा वाढण्यातले पाप जेवणाऱ्याच्या जिभेला कळत नसेल. पण वाढणाऱ्याच्या हाताला त्याची सवय लागते. अमुक माणसे थांबली तरी चालते, असे त्या हाताला वाटू लागते, आणि एकदा असे वाटू लागले की भाजी तळाला गेली तरी त्याला काही वाटत नाही. अन्याय सोसणाऱ्याला न कळताही अन्याय घडू शकतो, तो असा. करणाऱ्याच्या मनात तो आधी घडतो.

आणि नऊ महिने म्हणजे किती, हेही पाहावे. चाळिशीतल्या माणसाला ते काहीच नाहीत. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. आपल्याकडे मुलांची पंगत आधी बसवतात ती काही लाडाखातर नव्हे. मुलाला थांबता येत नाही, एवढे शहाणपण त्या रीतीत आहे.

खुद्द 'सेसमी स्ट्रीट'च्या मंडळींना हे कळत नव्हते असेही नाही. २०१७ साली त्यांनी ज्यूलिया नावाची एक नवी बाहुली आणली. ती स्वमग्न मुलगी आहे. ती आपल्यासारखी का खेळत नाही हे इतर मुलांना समजावे, असा त्यामागचा हेतू. तो भाग १० एप्रिल २०१७ रोजी एच.बी.ओ. आणि पी.बी.एस. ह्या दोन्हींवर एकाच दिवशी दाखवण्यात आला. जिथे गोष्ट खरोखर महत्त्वाची वाटली, तिथे कोणाला थांबवावेसे वाटले नाही. मग उरलेल्या भागांतली थांबण्याची अट हा निसर्गाचा नियम नव्हता. ती एक किंमत होती, आणि ती कोणाकडून घ्यायची हे माणसांनीच ठरवले होते.

२०२५ साली ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली. एच.बी.ओ.ने अंग काढून घेतले होते, आणि मे महिन्यात नेटफ्लिक्सशी नवा करार जाहीर झाला. त्यात नऊ महिने गेले. नवे भाग नेटफ्लिक्सवर ज्या दिवशी, त्याच दिवशी पी.बी.एस.वरही. पहिल्या प्रक्षेपणाला बरोबर ५६ वर्षे झाली त्या दिवशी, १० नोव्हेंबर २०२५ रोजी, दोन्ही पंगती पुन्हा एकत्र बसल्या. मला त्याचा आनंद झाला, पण तो अर्धाच. कारण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर रद्द केले होते, आणि तो पैसा केंद्रांना वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्ये आपला गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले होते. धनिकाने आपल्या शेजारी पाट मांडायला होकार दिला, आणि त्याच सुमारास घरच्या यजमानाने हात आखडता घेतला!

आपण त्या यजमानाला हसण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे एका गोष्टीत तरी हा विचार कायद्याने केला आहे, हे नमूद करण्याजोगे आहे. आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००७ साली संसदेने कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणत्याही खाजगी वाहिनीने कितीही पैसे मोजून घेतलेले असोत, तिने ते थेट चित्रण प्रसार भारतीलाही दिले पाहिजे. म्हणजे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला षटकार खेड्यातल्या माणसाने दूरदर्शनवर त्याच क्षणी पाहावा, नऊ महिन्यांनी नव्हे, नऊ मिनिटांनीही नव्हे. क्रिकेटच्या बाबतीत आपल्याला हे चटकन पटले. शिळा सामना कोणाला चालत नाही, हे आपण स्वतःवरून ओळखले. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत ते पटायला वेळ लागतो, कारण तिथे थांबणारे आपण नसतो.

टेलिव्हिजनच्या कंपन्या ह्यापुढेही बदलत राहतील. आज स्ट्रीमिंग आहे, उद्या आणखी काही येईल. प्रेक्षक जातील तिकडे त्या जातील, आणि त्यांनी जावेच. त्यांनी तोट्यात राहून धर्म पाळावा, असे मी म्हणत नाही. मात्र बदलाचा हिशेब मांडताना किती भाग निघाले आणि किती पैसा वाचला ह्याच्या जोडीला आणखी एक रकाना असावा: ह्या व्यवस्थेत कोणाला थांबायला सांगितले? तिथे प्रत्येक वेळी त्याच माणसाचे नाव येत असेल, तर करार नाइलाजाचा असला तरी त्याला न्याय म्हणू नये, नाइलाजच म्हणावे. नाइलाज म्हटले की तो संपवण्याची खटपट चालू राहते. न्याय म्हटले की दुसऱ्या पंगतीची रीत पडते, आणि रीत मोडायला मग पिढ्या लागतात.