मुकें यंत्र

निर्मळच्या तळ्याजवळ आमचे एक स्नेही राहतात. कार्तिकांतल्या यात्रेचें निमित्त करून मी दरसाल त्यांच्याकडे जातों. परंतु खरी ओढ असते ती त्यांच्या ओटीवरील भिंतीची. तेथें लांकडी पेटीचे जुने टेलिफोन ओळीनें टांगलेले आहेत. वर दोन घंटा, एका अंगास दांडा, दुसऱ्या अंगास हुकाला अडकविलेली, कानास लावावयाची नळी. दांडा फिरविला कीं आंतील लोहचुंबकांमध्यें तारेचें वेटोळें फिरून वीज उत्पन्न होई व दूरच्या कचेरींत सूचना मिळे. मग तेथील मनुष्य हातानें तार जोडून देई. पुढें तबकडी आली आणि दांडा निरुद्योगी झाला.

यंदा त्यांनीं मला पेंच घातला. एका पेटीचें लांकूड अभंग आहे, पण आंतील चुंबकयंत्र कोणीं तरी काढून नेलेलें. दुसरीचें यंत्र शाबूत, पण लांकूड वाळवीनें खाल्लेलें. दुसरीचें काळीज पहिलींत बसविलें तर एक तरी टेलिफोन वाजेल. बसवावें काय?

मीं तत्काळ नकार दिला. जुनी वस्तु तिच्या उणेपणासकटच खरी. साक्षीला सोपारें जवळच होतें. मुंबईंत टेलिफोनची पहिली कचेरी १८८२ सालीं उघडली. त्याच सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप खणला. दगडी पेटींत एकांत एक करंडे निघाले, आणि सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंड्यांत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अवशेष असावेत असें पंडितांनीं मानलें. त्यांचें पुन्हां पात्र करावें असें कोणास वाटलें नाहीं.

"त्या खापरांना पूज्य हातांमुळें मोल आलें," स्नेही म्हणाले. "या पेट्यांपुढें कोण बोललें, कोणास ठाऊक? यांना मोल यायचें तें कामामुळेंच. आणि टेलिफोन एकटा पुरा असतो तरी का? पलीकडे दुसरा असेल तरच तो टेलिफोन. मीं भिंतभर अर्ध्याच वस्तू जमविल्या आहेत, निदान एकीला तरी बोलूं द्या!"

मी वरमलों. नाकारण्यांत माझें कांहींच जात नव्हतें. शिवाय आजोबांच्या घड्याळाची कमान मीं स्वतःच बदलून घेतली आहे, आणि तें घड्याळ खोटें झालें असें मला एकदांही वाटलेलें नाहीं.

पण निघतांना ती वाळवी लागलेली पेटी जवळून पाहिली. टिपण करण्यासाठीं तिला खालीं उतरती फळी आहे. तिच्यावर पेन्सिलीनें कांहीं आंकडे लिहिलेले; कोण्या व्यापाऱ्याची घाईची बेरीज असावी. म्हणजे कोणाचाच हात ठाऊक नसलेली म्हणून जी पेटी मोडावयाची, नेमका तिच्यावरच एक हात उमटलेला! यंत्र काढलें तरी आंकडे राहतील हें खरें. परंतु ज्यानें आंकडे मांडले, त्याची हांक ज्या यंत्रानें पलीकडे पोंचविली, तेंच जाईल.

मीं तें दाखविलें तेव्हां स्नेह्यांनीं चष्मा लावून फार वेळ पाहिलें. अजून त्यांनीं पेटी उघडलेली नाहीं. मी दर पत्रांत विचारतों. ते उत्तरीं पावसाचें वर्तमान लिहितात.