चौकटीतल्या माणसाचे नाव

दुसऱ्याच्या दुःखाचे छायाचित्र काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हा प्रश्न भिंग, उजेड आणि शटर यांच्याही आधी पडला. वर्गातली बाकीची मुले विशीतली आहेत. त्यांना तो जरा उशिरा पडतो, पण पडतो. सामाजिक जाणिवेच्या छायाचित्रकारांचा इतिहास शिकायला लागल्यावर तर तो अधिकच टोचू लागला.

लुईस हाइन हा मूळचा शिक्षक. कदाचित म्हणूनच मला जवळचा वाटतो. १९०८ पासून तो अमेरिकेच्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि डबाबंद मासळीचे कारखाने हिंडला. मालक आत घेत नसत, म्हणून हा कधी आगीची पाहणी करणारा तपासनीस होई, कधी बायबल विकणारा. मुलांची उंची मोजायला त्याने स्वतःच्या कोटाची बटणे वापरली. कोणते बटण जमिनीपासून किती उंच, हे त्याला ठाऊक असे. खिशात हात घालून तो आतल्या आत टिपणे करी. शक्य तिथे मुलाचे नाव, वय, गाव आणि काम किती दिवसांपासून, हे सारे छायाचित्राबरोबर नोंदलेले आहे. मुलाने सांगितलेले वय त्याला पटले नाही, तर तेही तो लिही.

म्हणजे हा माणूस खोटे बोलत होता. पण कोणाशी? दाराशी उभ्या असलेल्या बलवंताशी. मुलाबद्दल मात्र त्याने खरे तेच लिहिले. माझ्या मते हा फरक मोठा आहे. (या छायाचित्रांनी कायदा घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९१६चा बालमजुरीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडले.)

आता दुसरे उदाहरण. १९३६ सालच्या मार्चमध्ये डोरोथिया लँग सरकारी कामावरून घरी परतत होती. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांचा तळ होता. पाटी पाहून ती पुढे गेली, वीस मैलांवरून परत फिरली आणि तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या एका आईची छायाचित्रे दहा मिनिटांत काढून निघाली. पीक थंडीने गेले होते. नाव तिने विचारले नाही. वय तेवढे कळले, बत्तीस. छायाचित्रे वर्तमानपत्रात आली आणि सुमारे २०,००० पौंड अन्नधान्य त्या तळावर पोहोचले. पण ते कुटुंब तोवर पुढे निघून गेले होते.

‘स्थलांतरित आई’ म्हणून तो चेहरा जगभर झाला. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळले १९७८ साली. जग जिला गोऱ्या शेतकरी आईचे प्रतीक समजत होते, ती जन्माने चेरोकी होती. आपल्याला त्या छायाचित्रातून एक पैसाही मिळाला नाही, ते काढलेच नसते तर बरे, असे ती म्हणाली. लँगच्या बाजूने सांगायचे तर ती पगारी नोकर होती. तिलाही त्याचे मानधन मिळत नव्हते. आणि धान्य खरोखरच पोहोचले, भुकेल्या माणसांच्या पोटात गेले. ते काही थोडे नव्हे. फक्त लाभ एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.

मग नाव लिहिले की प्रश्न सुटला? तसेही नाही. आपल्याकडे २०१५च्या बालन्याय कायद्याने संकटात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. नाव कधी मान देते, कधी घात करते. रेशनकार्डावर एका लिपीत आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या लिपीत वेगळेच झालेले आपले नाव पाहिलेल्या आपल्या भागातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. लिहावे की लिहू नये, हे ठरवणार कोण, एवढाच खरा मुद्दा.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या बाजारात एका भाजीवाल्या आजींना मी विचारले, “फोटो काढू का?” घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, अशी त्यांची रीत. त्या म्हणाल्या, “काढा की मास्तर, पण थांबा जरा.” आणि फाटका पदर आत खोचून, नीट डोक्यावर घेऊन बसल्या. आमच्या वर्गात शिकवतात त्या हिशेबाने छायाचित्र त्या फाटक्या पदरात होते. मी मात्र त्यांनी दिले तेच घेतले. ते साधेच आले, प्रदर्शनात कोणी त्यापुढे थांबलेही नाही. आजींना प्रत नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती आधी शेजारच्या कांदेवाल्याला दाखवली.

गरिबी लपवायला मदत केलीस, असे एक तरुण सहाध्यायी मला म्हणाला. त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. हाइनने मुलांना नीटनेटके बसवले असते, तर गिरणीमालकच खूश झाले असते. पण हाइनपुढे नाकबूल करणारा मालक उभा होता. माझ्यापुढे कोण होते?

थॉम्पसनबाई १९८३ साली आजारी पडल्या, तेव्हा उपचारासाठी मुलांनी लोकांकडे हात पसरला. देशभरातून पैसे आले, दोन हजारांवर पत्रे आली. इतकी वर्षे त्या छायाचित्राची लाज वाटणाऱ्या मुलांच्या मनातली अढी त्या पत्रांनी सैल झाली. त्याच वर्षी बाई गेल्या. त्यांच्या थडग्याच्या दगडावर त्यांचे पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली तेच दोन शब्द: स्थलांतरित आई.