बारीक धारेपाशी

नळ उघडा आणि हात धारेखाली धरा. अजून काही करायचं नाही. पाना शोधायचा नाही, प्लंबरला फोन लावायचा नाही. धार करंगळीएवढी आहे की दोऱ्याएवढी, सरळ पडते की फुरफुरत, मध्येच तुटते का, एवढंच हाताला कळू द्या.

जागा डोळ्यांसमोर आणा. जालना रोडवरचं करमाड, रेल्वे स्टेशनकडच्या गल्लीतलं एखादं दुमजली स्लॅबचं घर. गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी, तिच्यातून भिंतीला धरून उतरलेला पाइप, वाटेत वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर, खाली मोरी, स्वयंपाकघर. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात कधी टँकरचं. अशा घरात धार बारीक झाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मोटर बसवा. शेजारी तेच सांगतात, दुकानदार तेच सांगतो. ते वाक्य मनात आलं तर येऊ द्या, पण त्याच्या मागे जाऊ नका. धार का बारीक झाली हे अजून आपल्याला ठाऊक नाही.

आता पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ बघा. बादली भरेपर्यंत तिथून हलू नका. तीन मिनिटं लागली तर हा नळ मिनिटाला पाच लिटर देतोय. हा आकडा लक्षात ठेवा. ‘प्रेशर नाही’ हे गाऱ्हाणं आहे, मिनिटाला पाच लिटर ही माहिती आहे, आणि पुढचा सगळा शोध या माहितीवर उभा राहणार आहे.

नळ बंद करा.

पाइपात पाणी आता थांबलंय. गच्चीपासून या तोटीपर्यंत न तुटलेला पाण्याचा एक उभा स्तंभ आहे, त्याचा विचार करा. तोटीवर त्याचा जोर किती? टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीच्या जितकी वर, तितका. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा भार. पाच मीटरला अर्धा किलो. टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची, यात काही फरक पडत नाही. रुंदी मोजली जात नाही, फक्त उंची. मोठी टाकी आणली म्हणजे जोर वाढेल असं समजून पैसे घालणाऱ्यांनी हे एक वाक्य आधी ऐकायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. पाणी थांबलेलं असताना प्रत्येक तोटीवर तिच्या वाट्याचा पूर्ण दाब असतो. पाइपात गंज चढलेला असो, कॉक अर्धवट अडकलेला असो, जाळी क्षाराने बुजलेली असो, केसाएवढी फट जरी शिल्लक असली तरी दाब त्या फटीतून पलीकडे पोचतो आणि पूर्ण उभा राहतो. थांबलेल्या पाण्यात अडथळा दिसतच नाही. दाबमापक लावला तरी तो सगळं ठीक म्हणून सांगेल. दोष दिसतो तो पाणी वाहायला लागलं की. वाहताना प्रत्येक वळणावर, प्रत्येक खडबडीत इंचावर थोडा जोर खर्च होतो, आणि तोटीपर्यंत उरतो तेवढाच आपल्या हाताला लागतो.

म्हणून नळ पुन्हा उघडा आणि त्या खर्चाचा विचार करा. पाइपाचा व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतं. जुन्या लोखंडी पाइपात आतून गंजाचे पापुद्रे वाढत जातात. एक इंची पाइप बाहेरून एक इंचीच राहतो, आत मात्र बोटही जात नाही. पाऊण इंची ऐवजी अर्धा इंची पाइप वापरून वाचवलेले थोडे पैसे त्या घरातली माणसं पुढे वर्षानुवर्षं नळाशी ताटकळून फेडत असतात.

आता मन थोडं दूर न्या, समुद्रावर. मुक्कामाची सोय असलेल्या छोट्या बोटीत सिंक असतं, शॉवर असतो, आणि गोड्या पाण्याची टाकी तळाशी असते. वर गच्ची नाही, म्हणून उंचीही नाही. सगळा जोर एका लहान पंपाने निर्माण करायचा, बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या बॅटरीवर. नळ उघडला की दाब उतरतो, दाबावर चालणारा स्विच पंप सुरू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप थांबतो. अशा बोटीत धार बारीक झाली की जाणता माणूस टाकीपासून निघतो. टाकीत पाणी आहे का, पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीत कचरा अडकलाय का, ओढीच्या नळीचा सांधा सैल होऊन पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय का, बॅटरी उतरल्याने पंप मंद फिरतोय का. मग गरम आणि थंड नळ वेगवेगळे उघडून बघतो. समुद्रात दुकान नसतं, त्यामुळे आधी विचार करणं भाग पडतं. करमाडात हार्डवेअरचं दुकान हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यामुळेच विचार राहून जातो.

त्या बोटीवाल्याचा क्रम घेऊन घरात फिरा. सावकाश. एकाच नळाची धार बारीक आहे की सगळ्यांची? एकाचीच असेल तर दोष त्या नळाच्या जवळ आहे, गच्चीवर जायची गरज नाही. थंड पाणी जोरात आणि गरम मंद असेल तर गीझर किंवा त्याच्या आधीचा कॉक बघायचा. सगळेच नळ मंद असतील तर दोष जिथे वाट अजून एकच आहे तिथे, टाकीच्या बाजूला. आणि एक नळ चालू असताना दुसरा उघडला की पहिला मरतो का? तसं असेल तर दोघांना पाणी देणारा पाइपच अपुरा आहे. मग स्वतःला विचारा: हे हळूहळू झालं की एका दिवसात? वर्षभरात हळूहळू होतो तो क्षार किंवा गंज. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी होतो तो ढवळून खाली आलेला गाळ, नाही तर पाइपात धरलेली हवा.

क्षाराबद्दल इथे थोडं अधिक थांबायला हवं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून मुरत बोअरला आलेलं पाणी बरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, तव्यासारखा खरखरीत झालेला गीझरचा कॉइल, भांड्यांवरचे डाग, हे सगळं तेच. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती हाताने फिरवून काढा आणि उजेडात धरा. अर्धी भोकं पांढरी दिसली तर जाळी वाटीभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. बुडबुडे येतील, क्षार सुटेल. शॉवरच्या भोकांचंही तसंच. जाळी काढून नळ उघडल्यावर धार भरून आली तर शोध संपला.

नाही आली, तर जिना चढा.

गच्चीवर टाकीचं झाकण उघडून आत बघा. पातळी कुठे आहे? तळाशी किती गाळ? पाणी बाहेर पडतं ते भोक गाळाच्या वर आहे की गाळात बुडालंय? मग टाकीलगतच्या गेट वॉल्वला हात लावा. त्याचं चाक फिरतं, पण कधी कधी आतली पितळी चकती दांड्यापासून सुटून वाटेतच पडून राहते. चाक पूर्ण उघडं दाखवतं आणि आत दार मिटलेलं असतं. चाक दोन्हीकडे निर्वेध फिरतंय आणि धारेत काडीचा फरक नाही, तर संशय इथेच घ्या.

टाकीतून निघालेला पाइप वाटेत कुठे वर उचलून पुन्हा खाली आणलाय का, हेही बघा. त्या उंचवट्यावर हवा साठते. हवा पाण्यापेक्षा हलकी, ती वरच बसून राहते आणि गुरुत्वाच्या थोड्याशा जोराला हलत नाही. प्लंबर म्हणतो, लाइनीने हवा धरली. उपाय म्हणजे उंचवट्यावर एक उघडी नळी काढून तिचं तोंड टाकीच्या पातळीच्या वर ठेवायचं. हवेला तिची वाट मिळाली की पाणी चालतं.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि शहराला जमिनीखालच्या नहरींनी पाणी आणलं. पुढे पाणचक्कीसाठी हर्सूलच्या बाजूचं पाणी मातीच्या पाइपांतून आणलं गेलं. त्या वाटेवर दगडी मनोरे उभारले. पाणी त्यांत चढायचं, कोंडलेली हवा बाहेर पडायची, आणि शेवटी भिंतीच्या उंचीवरून हौदात कोसळून ते जातं फिरवायचं. वीज नाही, मोटर नाही. उगमाची उंची आणि शेवटची उंची यांतला फरक जपत जपत पाणी आणायचं, वाटेत तो वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच गणित. पाणचक्कीच्या हौदापाशी फोटो काढणारे खूप दिसतात. माझी विनंती आहे की एकदा त्या भिंतीच्या माथ्याकडे बघून पाणी तिथवर कसं चढलं असेल याचा विचार करावा.

आता एक कठीण गोष्ट स्वीकारा. सगळंच दुरुस्त होण्यासारखं नसतं. वरच्या मजल्याचा शॉवर टाकीच्या पातळीपासून जेमतेम दीड मीटर खाली असेल तर त्याच्या वाट्याला किलोचा साधारण सातवा हिस्साच येतो. तिथे गॅस गीझर पेटत नाही म्हणून गीझरला दोष देऊ नका, पाइप फोडू नका. तो आजार नाही, ती त्या जागेची उंची आहे. टाकी लोखंडी घोडीवर उचला, नाही तर त्या न्हाणीघरापुरता लहान पंप आपल्या टाकीनंतर लावा. पण सार्वजनिक नळाच्या लाइनीला थेट मोटर जोडू नका. ती मोटर पाणी निर्माण करत नाही, गल्लीच्या टोकाच्या घराचं पाणी ओढते, आणि रिकाम्या होणाऱ्या लाइनीत फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणीही आत ओढलं जाऊ शकतं. याबाबतीत मी कुणाचीही सबब ऐकायला तयार नाही.

कुणी म्हणेल, टँकरच्या दिवसांत बारीक धारच बरी, पाणी वाचतं. मला ते पटत नाही. भांडी घासायला लागणारं पाणी तेवढंच लागतं, फक्त घासणारी बाई दुप्पट वेळ मोरीत वाकून राहते. पाणी वाचतं ते नळ बंद करण्याने. आणि धार चांगली असेल तर तो बंद करायला हात लवकर जातो, कारण बादली भरलेली असते.

खाली या. समजा, शोध त्या एका एल्बोपाशी येऊन थांबला, जिथे लोखंडी पाइप प्लॅस्टिकच्या पाइपाला मिळतो. कॉक बंद करून तो खोला. आतला गंज बोटाने चाचपा, तुकडा बदला, आट्यांवर टेप गुंडाळून घट्ट बसवा. कॉक हळूहळू उघडा, म्हणजे सुटलेला गंज एकदम तोटीत जाऊन अडकणार नाही. आधी जाळी काढून थोडं लाल पाणी जाऊ द्या. मग तीच बादली, तोच नळ, तेच घड्याळ. जो आकडा येईल तो तारखेसह मोरीवरच्या भिंतीला पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीत टाकी धुवाल तेव्हा पुन्हा मोजा आणि त्याच्याच खाली लिहा.