यादीत नसलेलं गाव

इंजिनिअरिंगला आम्हाला 'पर्यावरण' हा सक्तीचा पेपर होता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्याचं हे लांबून आलेलं फळ. आम्ही आदल्या रात्री सिनिअर्सच्या नोट्स वाचल्या, पास झालो आणि विसरलो. माझी मावसबहीण मात्र विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्रच शिकते. 'गूगल मॅप असताना भूगोल कशाला?' हा विनोद मीच केला होता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही घाटातल्या एका होमस्टेला गेलो. काका चहा आणायला आत गेले, तोवर ही घरामागे जाऊन उभी. डोंगर उभा कापून घर बांधलेलं. वरच्या झाडांचे बुंधे मुळाशी खाली झुकून मग सरळ वर गेलेले. "माती हळूहळू सरकतेय," ती म्हणाली. उताराच्या माथ्यावर एक लांब भेगही होती.

मी फोनवर शोधलं. "दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नाहीये."

"इर्शाळवाडीचंही नव्हतं."

मी गप्प झालो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. पण वाचलेलं आणि समोरच्या उतारात ओळखता येणारं, यात फरक असतो.

प्रश्न पुढेच होता. काकांना सांगायचं का? दरड कधी येईल, येईल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. न आली तर एका माणसाचा धंदा आपण भीती घालून बुडवला. आली, तर आपल्याला दिसलं होतं आणि आपण गप्प राहिलो. माझ्या कामात खोटा अलर्ट गेला तर कुणाची तरी झोपमोड होते, बस्स. इथे दोन्हीकडची चूक काकांनाच भरावी लागणार होती.

तिने सांगितलं. घाबरवलं नाही, सल्ला दिला: पाऊस लागून राहिला की मागच्या खोलीत झोपू नका. भेग रुंदावतेय का बघत राहा. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा थांबलं, तर सामान न आवरता बाहेर पडा. तलाठ्यांना भेग दाखवा.

काका हसले. "ताई, तीस वर्षं राहतोय इथं." मग थोड्या वेळाने स्वतःच भेग बघायला वर गेले.

आम्ही संध्याकाळीच निघालो. आम्हाला जायला दुसरी जागा होती, त्यांना नव्हती. ही गोष्ट अजून टोचते. जाणकाराने सांगून टाकलं की त्याची जबाबदारी संपते, असं मला वाटायचं. आता वाटतं, तिथून ती सुरू होते. बहीण दर मोठ्या पावसात काकांना फोन करते. यंदा पहिला फोन मी केला.