पुढच्या पावलापुरता प्रकाश



‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत आपल्यापैकी अनेकांनी भक्तिभावाने गायले आहे. गांधीजींनाही ते अतिशय प्रिय होते. हे गीत लिहिले गेले एका खोळंबलेल्या बोटीवर.

जॉन हेन्री न्यूमन तेव्हा ३२ वर्षांचे अँग्लिकन धर्मगुरू होते. १८३३ च्या मे महिन्यात सिसिली बेटावर ते तापाने मरणाच्या दारी पोचले. बरे झाल्यावर मायदेशी परतण्यासाठी त्यांना पालेर्मो बंदरात तीन आठवडे ताटकळावे लागले. अखेर संत्री वाहून नेणारी एक बोट मिळाली, तर वारा पडल्याने तीही बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत आठवडाभर अडकली. घरची ओढ लागलेल्या माणसाने देवाकडे वारा मागितला असता. न्यूमन यांनी प्रकाश मागितला, तोही पुढच्या पावलापुरता.

पुढचे सगळे दिसत नसताना पाऊल उचलणे हा विश्वास की अविचार? नोकरी असो, लग्न असो वा शस्त्रक्रिया, आपल्याला आधी खात्री हवी असते. पण पूर्ण खात्री झाल्यावर विश्वासाला काय काम उरते? अब्राहामही कुठे जायचे हे ठाऊक नसताना निघाला. अविचारी माणूस प्रकाशाकडे पाहतच नाही. श्रद्धावंत जेवढा दिसला तेवढ्याशी प्रामाणिक राहतो. सदसद्‌विवेकबुद्धीने जगणे म्हणतात ते हेच.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. त्या प्रकाशाने न्यूमन यांना ९ ऑक्टोबर १८४५ रोजी कॅथलिक ख्रिस्तसभेत आणले. जिवलग मित्र दुरावले. सख्खी बहीण हॅरिएट बोलेनाशी झाली. १८४६ मध्ये सोडलेल्या लाडक्या ऑक्सफर्डमध्ये ते ३२ वर्षांनी परतले. प्रार्थना ऐकली गेली, पण वाट देवाने निवडली.

आपणही प्रकाश मागतो. मात्र वाट आपण आधीच ठरवलेली असते. देवाने तिच्यावर दिवा धरावा, एवढीच आपली अपेक्षा असते!

न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे ख्रिस्तसभेचे आचार्य, हा बहुमान. आपल्यासाठी त्यांची शिकवण साधी आहे. भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करणे, कुणाचे अडवलेले पैसे परत करणे, बऱ्याच वर्षांनी पापनिवेदनाला जाणे... पुढचे पाऊल कोणते, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. तेवढे उचलण्याचे बळ ह्या आठवड्यात प्रभूकडे मागू या.

आपले धर्मगुरू