टायरचा धर्म

एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1945 ते 1949 या काळात बनली. तिची तारांच्या आऱ्यांची चाके 19 इंची उंच, आणि त्यांवरचे टायर जेमतेम साडेचार इंच रुंद. अशी गाडी आज चालती ठेवायची म्हटले की कधी ना कधी टायर बाद होतात, आरे सैल पडतात, आणि मालक पेचात सापडतो. जुन्याच मापाचे, जुन्याच घडणीचे टायर शोधत बसायचे, की सहज मिळणारे रुंद रेडियल आणि अॅलॉयची चाके बसवून मोकळे व्हायचे? गॅरेजात हा प्रश्न मापाचा आणि पैशांचा असतो. त्याच्या तळाशी मात्र दुसराच प्रश्न आहे: चाके बदलल्यावर ही तीच गाडी राहते का? काळ्यापिवळ्या पद्मिनी गाडीच्या टॅक्सीवाल्याला हा प्रश्न छळत नसे. टायर गोटा झाला की बदलायचा; टॅक्सी तीच, तिचा नंबर तोच. स्पोर्ट्स कारचा मालक अडतो, कारण त्याला गाडीबरोबर तिचा काळही जपायचा असतो. त्याची ही अडचण फार जुनी आहे, आणि तिचा उलगडा करणारा विचार मुंबईतल्या शिवाजी पार्कपासून चार पावलांवर भेटतो.

पार्कच्या पश्चिमेला, दादरच्या किनाऱ्यावर चैत्यभूमी आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तिथे अंत्यसंस्कार झाले. त्याच्या सहा वर्षे आधी, 1950 मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि तो परिसर ‘नागसेनवन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ही दोन्ही नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू म्हणजे नागसेन. नागसेन राजाला विचारतो, आपण पायी आलात की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ कोणता ते दाखवा: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, की जू, की लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळे भाग काढून ठेवले तर उरेल तो रथ का? तेही नाही. शेवटी राजालाच म्हणावे लागते की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ या माझ्या नावाचेही तसेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या संवादात चाकाचे रथाशी असलेले नाते सांगितले आहे, आणि तेच टायरला लागू पडते.

यावर पहिला आक्षेप गीता वाचणाऱ्यांकडून येईल. जीर्ण वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसे देह बदलतात, पण आत काही न बदलणारे असते, हा विचार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. गाडीच्या बाबतीत हे ‘आतले’ शोधायला निघालो की बोट ठेवावे असे ठिकाण सापडत नाही. कायद्याने एक ठिकाण ठरवून दिले आहे. 2021 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. त्या यादीत चाके नाहीत. पण चासीलाच आत्मा मानावे, तर तीही गंजते आणि बदलली जाते. 1929 आणि 1930 या दोन्ही वर्षी ले माँची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीवरून इंग्लंडच्या न्यायालयात खटला चालला. मूळ गाडीचे फारच थोडे भाग उरले होते. तरी 1990 च्या निकालात न्यायाधीशांनी ती ओल्ड नंबर वनच ठरवली, कारण तिचा इतिहास मध्ये कुठे तुटला नव्हता; ती एका दमात नष्ट होऊन दुसरी उभी राहिली, असे कधी झाले नव्हते. त्यांनी भागांची मोजदाद केली, पण निर्णय दिला तो सातत्यावर.

हे मान्य करायला गणपतीइतके जवळचे उदाहरण नाही. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या मंडळांच्या मूर्ती दरवर्षी विसर्जित होतात. पुढच्या वर्षी माती नवी असते, पण कोणी ‘नवा गणपती आला’ असे म्हणत नाही. येतो तो आपलाच गणपती. ते सातत्य प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजा आणि जमलेली माणसे यांनी धरून ठेवलेले असते. खुद्द शिवाजी पार्कचेच पाहा. 1925 मध्ये नगरपालिकेने खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते, आजचे नाव 1927 चे. नाव बदलले, गवत आणि मातीही कितीदा बदलली असेल, पण मैदान तेच राहिले.

आता दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक जड आहे. सातत्यच खरे आणि भाग गौण, तर मग वाटेल ती चाके का बसवू नयेत? इथे ‘धर्म’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने, म्हणजे धारण करणारे या अर्थाने, घ्यावा लागतो. टायरचा धर्म रस्ता धरून ठेवणे आणि ते करता करता स्वतः झिजणे हा आहे. न झिजणारा टायर काही धरून ठेवू शकत नाही. शिवाय त्याचे वय नक्षीवरून कळत नाही. हवा, ओझोन आणि ऊन यांनी रबर आतून कडक होते, त्यामुळे वर्षानुवर्षे गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचा भरदार नक्षीचा टायरही एका खड्ड्यात फाटू शकतो. तो ‘मूळचा’ म्हणून घालून रस्त्यावर येणे म्हणजे टायरचा धर्म न ओळखता फक्त त्याचे कलेवर जपणे. पण याच धर्माची दुसरी बाजू अशी की टायरला इतर भागांशी जुळवून घ्यावे लागते. 1962 मध्ये आलेल्या एमजीबीला 14 इंची चाके होती. आऱ्यांची असल्यास आत ट्यूब लागते, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते. अशा गाडीवरचा 165 मिलिमीटरचा उंच टायर काढून 15 इंची चाकावर 195/50 मापाचा बुटका टायर चढवला, तर टायरसह चाकाचा व्यास सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, स्टिअरिंग जड होते, आणि नाजूक टायर धरून आखलेल्या जुन्या सस्पेन्शनवर व आऱ्यांवर भलता भार येतो. एका आसावर एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे जुन्या क्रॉसप्लाय घडणीचा टायर घालणे तर थेट धोक्याचे. नागसेनाच्या रथात चाक एकटे नव्हते, आस आणि जू यांच्यासह ते रथ होते. म्हणून योग्य टायर निवडायचा तो मूळ मापाचा, मूळ उंचीचा आणि ताज्या रबराचा.

अस्सलपणाचा आग्रह धरणारे तरीही म्हणतील की जुन्या भागावरच काळाच्या खुणा असतात, आणि तो काढला की पुरावाच जातो. हे खरे आहे, म्हणून चाक आणि टायर यांत फरक करावा लागतो. आऱ्यांचे चाक कारागिराच्या हातचे असते. आरे बदलून, कसून आणि रंगवून ते परत उभे करता येते, आणि करता येईल तोवर ते फेकू नये. टायरचे तसे नसते. तो संपण्यासाठीच बनतो. जुन्या गाड्यांच्या जतनासाठी 2012 मध्ये मान्य झालेली ट्यूरिनची सनदही गाडी चालती राहावी आणि केलेल्या बदलांची नोंद राहावी, या दोन्ही गोष्टींवर भर देते. मोडकी मूर्ती मखरात ठेवून तिला अखंड म्हणवणे जीर्णोद्धार नव्हे. काय बदलले ते न लपवता देवळातला दिवा चालू ठेवणे हा जीर्णोद्धार आहे. म्हणून गाडीच्या मालकावर दोन कर्तव्ये येतात: चाकाला त्याचे काम करू देणे, आणि काय बदलले ते कोणी विचारले तर खरे सांगणे. दुसरे कर्तव्य टायर स्वतः कधीच चुकवत नाही. 2000 सालापासून बनलेल्या टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्याचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ‘तीच गाडी’ म्हणणाऱ्या मालकाच्या वहीतही ते तितक्याच उघडपणे लिहिलेले असावे.